तुम्ही विचारलंत म्हणून: इटेनच्या त्या शाळेत असतं तरी काय?

पालकसभा संपली की एखादे बाबा मागे रेंगाळतात आणि विचारतात, "सर, केनियात ती एक शाळा आहे ना, जिथून ऑलिंपिकवाले निघतात? तिथं असं वेगळं काय करतात हो?" मी सातारला पीटी शिकवतो, सकाळी पोरांना पळवतो, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. विचारणाऱ्याला हवं असतं एका वाक्याचं उत्तर: काय खायला घालू, किती किलोमीटर पळवू. मी इटेनला कधी गेलेलो नाही. पण त्या शाळेबद्दल मिळेल ते वाचत आलोय, तिथल्या पोरांच्या शर्यती पाहत आलोय. तेव्हा एकदा बसून सगळंच सांगतो.

शाळेचं नाव सेंट पॅट्रिक्स हायस्कूल. इटेन हे केनियाच्या पश्चिमेकडचं छोटं गाव, उंची सुमारे २४०० मीटर. आपलं महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास. त्याच्यावर आणखी हजारभर मीटर चढा. गावाच्या एका अंगाला जमीन एकदम तुटते आणि खाली केरिओचं खोरं पसरलेलं. केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला, त्याच्या थोडं आधी आयर्लंडच्या पॅट्रिशियन ब्रदर्सनी इथं मुलांसाठी निवासी शाळा काढली. हे ब्रदर्स म्हणजे चर्चमध्ये मिस्सा म्हणणारे फादर नव्हेत. लग्न न करता, व्रत घेऊन आयुष्यभर शिकवणारे हे मास्तर. १८०८ साली आयर्लंडमधल्या टलो गावात बिशप डॅनियल डिलेनी यांनी हा संघ स्थापन केला. भारतातही ते आहेत, चेन्नईच्या अड्यारमधली सेंट पॅट्रिक्स शाळा त्यांचीच.

इटेनला ते आले ते गणित, इंग्रजी आणि धर्म शिकवायला. धावपटू घडवायची फॅक्टरी काढावी असं कोणाच्या मनातही नव्हतं. पोरं मात्र आसपासच्या डोंगरातली, बहुतेक कालेंजिन समाजाची, पळण्यात मुळातच तरबेज. माइक बोइट हा तिथलाच विद्यार्थी. म्युनिक ऑलिंपिकला १९७२ मध्ये त्यानं ८०० मीटरचं कांस्य मिळवलं. पुढच्या दोन्ही ऑलिंपिकवर केनियानं बहिष्कार टाकला आणि ऐन भरातली त्याची वर्षं तशीच गेली. गडी नंतर अमेरिकेत शिकून डॉक्टरेट घेऊन आला आणि प्राध्यापक झाला. पळणाऱ्या पोराचं पुढे काय, असं विचारणाऱ्या पालकांना मी हे नाव आवर्जून सांगतो.

आता १९७६. त्या साली ब्रदर कॉल्म ओकॉनेल नावाचे तिशीच्या आतले आयरिश शिक्षक इटेनला आले. विषय भूगोल. ॲथलेटिक्सशी संबंध शून्य. ना कधी पळाले होते, ना कोणाला पळवलं होतं. शाळेत तेव्हा पीटर फॉस्टर नावाचे इंग्रज शिक्षक पोरांचा सराव घेत. त्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकला १०,००० मीटरचं कांस्य जिंकलेल्या ब्रेंडन फॉस्टरचे हे भाऊ. कॉल्म त्यांच्या हाताखाली लुडबूड करू लागले. फॉस्टर मायदेशी परतले आणि ज्याला काही येत नव्हतं त्याच्या गळ्यात शिट्टी पडली. थोड्या काळासाठी आलेला हा माणूस मग तिथलाच झाला. शाळेचा मुख्याध्यापकही झाला.

माझ्या मते सगळी गोम इथं आहे, म्हणून जरा थांबतो. काही येत नसल्यामुळे ब्रदर कॉल्मनी सुरुवातीला फक्त पाहिलं. पोरं आपणहून कशी पळतात, कधी दमतात, कोणाच्या सोबतीनं खुलतात, हे पाहिलं आणि त्यांनाच विचारलं. मला ॲथलेटिक्स माझ्या विद्यार्थ्यांनी शिकवलं, असं ते आजही सांगतात. आपल्याकडे कोर्स करून आलेला नवा कोच पहिल्याच दिवशी शिट्टी फुंकून सगळ्यांना तीस-तीस मीटरच्या रिपिटिशन, म्हणजे तेच अंतर पुन्हा पुन्हा जोरात, मारायला लावतो. (मीही त्यातलाच, तो भाग वेगळा.) कॉल्म यांच्या सरावात सावकाश पळण्याला मोठी जागा. खांदे सैल आहेत का, पाऊल कसं पडतंय, लय टिकतेय का, यावर त्यांची नजर. घड्याळ नंतर.

फळ यायला दहा-बारा वर्षं लागली. १९८७ मध्ये या शाळेचा इब्राहिम हुसेन न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकला, असा तो पहिला आफ्रिकी. बोस्टन तर तीनदा: १९८८, १९९१, १९९२. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पीटर रोनोनं १५०० मीटरचं सुवर्ण घेतलं तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. बार्सिलोनाला १९९२ मध्ये मॅथ्यू बिरीर ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, जिंकला. आणि १३ ऑगस्ट १९९७ ची झुरिचची ती संध्याकाळ. विल्सन किपकेटरनं ८०० मीटरचा विश्वविक्रम केला, १:४१.२४, म्हणजे १ मिनिट ४१.२४ सेकंद. त्याच मैदानावर, त्याच संध्याकाळी विल्सन बोइट किपकेटरनं स्टीपलचेसचा विक्रम मोडला, ७:५९.०८. नावं सारखी, पण माणसं दोन आणि शाळा एक. आपल्या तालुक्याच्या शाळेतली दोन पोरं एकाच दिवशी विभागाला पहिली आली तरी आपण पेढे वाटतो.

शाळेच्या आवारात झाडं आहेत. जग जिंकून आलेल्या माजी विद्यार्थ्याच्या नावानं एक झाड लावायचं आणि त्याला पाटी लावायची, ही तिथली रीत. फोटोत पाहिलं तर बाकी सगळं साधं: बैठ्या इमारती, गवताचं मैदान, लाल मातीचे रस्ते. सिंथेटिक ट्रॅक नसल्याची तक्रार करणाऱ्यांना मी ते फोटो दाखवतो.

खाण्याचं विचारता, तर उगाली. ज्वारीच्या पिठाची उकड सुरी फिरवून कापता येईल इतकी घट्ट केली की कशी दिसेल, तसा मक्याच्या पिठाचा गोळा. सोबत पालेभाजी, उसळ, दुधाचा चहा. प्रोटीनचे डबे नाहीत.

मग गुपित कुठे? सातारच्या माणसाला ते कळायला खरं तर अवघड जाऊ नये. आपल्याकडे बोर्डिंग म्हटलं की कर्मवीर अण्णा आठवतात. १९२४ साली भाऊरावांनी सातारला सगळ्या जातींच्या पोरांसाठी वसतिगृह काढलं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. खेड्यातल्या पोराला हुशारीची कमी नव्हती. कमी होती ती दोन वेळच्या जेवणाची, अंथरुणाएवढ्या जागेची आणि अभ्यासाला मिळणाऱ्या निवांत तासांची. बोर्डिंगनं तेवढं दिलं. इटेनच्या बोर्डिंगनंही पळणाऱ्या पोराला हेच दिलं. गुरं वळायची नाहीत, पाणी भरायचं नाही, जेवण ठरल्या वेळी, झोप ठरल्या वेळी. आणि सोबतीला आपल्याएवढीच पळणारी वीस पोरं. एकटं पळणारं पोर दोन महिन्यांत कंटाळतं. वीसजणांत मागे पडलेलं पोर दुसऱ्या दिवशी परत येतं.

शिवाय पुढची वाट दिसत होती. अमेरिकेतली विद्यापीठं धावपटूंना शिष्यवृत्ती देत. इब्राहिम हुसेन न्यू मेक्सिकोला गेला, रोनो मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीज या कॅथलिक कॉलेजात. घरच्यांना सांगता येत होतं की पळण्यानं शिक्षण बुडत नाही, उलट मिळतं. आपल्याकडे दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात तेवढ्यापुरते आईबाप पोराला सोडतात. बारावी आली की स्पाइक्स, म्हणजे पळायचे खिळ्यांचे बूट, माळ्यावर.

आता "सर, त्यांच्या रक्तातच असतं ते" म्हणणाऱ्यांसाठी. उंचीवर वाढणं, बारीक पोटऱ्या, हलकं अंग, याचा फायदा होतोच, नाही कोण म्हणतं? पण रक्त तर बहिणींचंही तेच होतं ना? केनियाच्या पुरुषांनी १९६८ पासून ऑलिंपिक गाजवलं, आणि बाईच्या वाट्याला पहिलं ऑलिंपिक पदक आलं १९९६ मध्ये, पॉलीन कोंगाचं रौप्य. पहिलं सुवर्ण २००८ मध्ये, पामेला जेलिमोचं. डोंगर तेच, दूध तेच, आईबाप तेच. मुली बोर्डिंगात नव्हत्या. चुलीपाशी होत्या, नाहीतर लग्न होऊन गेल्या होत्या. १९८० चं दशक संपता संपता ब्रदर कॉल्मनी सुट्टीतल्या शिबिरांत मुलींनाही घ्यायला सुरुवात केली. जवळच सिंगोर ही मुलींची निवासी शाळा होतीच. त्यांच्या हाताखाली तयार झालेली जेनेथ जेपकोस्गेइ २००७ मध्ये ८०० मीटरची जगज्जेती झाली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. रक्ताचा हिशेब मांडणाऱ्यांनी मधली बत्तीस वर्षं कुठे गेली तेही सांगावं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही उद्या पोराला घेऊन विमानात बसाल. शाळेचं नाव झाल्यावर चांगली पोरं लांबून लांबून तिथं येऊ लागली. विल्सन किपकेटरला तर थोर धावपटू किप केइनो यांनी हेरून तिथं धाडलं असं सांगतात. म्हणजे नंतरच्या विजेत्यांत शाळेनं घडवलेले किती आणि शाळेकडे निवडून आलेले किती, हे वेगळं काढता येत नाही. आपल्या नामांकित क्लासेसचंही तेच असतं. ९५ टक्केवाल्यालाच प्रवेश द्यायचा आणि त्याच्या ९७ टक्क्यांचं होर्डिंग लावायचं. फरक इतकाच, की इटेनच्या शाळेचं नाव झालं ते तिथं कोणी निवडून येत नव्हतं त्या काळातल्या पोरांमुळे.

८०० मीटरवाल्या डेव्हिड रुदिशाचं नावही लोक याच शाळेला जोडतात. तो तिथला विद्यार्थी नव्हे. तो मसाई समाजाचा, शिकला सेंट फ्रान्सिस किमुरॉन नावाच्या शाळेत, पण हाताखाली होता ब्रदर कॉल्म यांच्याच. लंडन ऑलिंपिकला ९ ऑगस्ट २०१२ रोजी पहिल्यापासून पुढे राहून त्यानं ८०० मीटर १:४०.९१ मध्ये संपवली. आठवा आला त्याची वेळही १:४३.७७, म्हणजे आधीच्या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळालं असतं अशी. तोवर शाळेतला सुवर्णकाळ मात्र सरला होता. पोरं शाळेऐवजी थेट धावपटूंच्या सराव कॅम्पात जाऊ लागली. एजंट आले, बुटांच्या कंपन्या आल्या, युरोपातले हौशी धावपटू पैसे मोजून इटेनला राहायला येऊ लागले. पैशाबरोबर जे यायचं तेही आलं. उत्तेजकांमुळे बंदी घातलेल्या केनियन धावपटूंची यादी लांबलचक आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲग्नेस तिरोप ही विक्रमवीर धावपटू इटेनच्या आपल्या घरातच भोसकून मारलेली सापडली. त्या गावाच्या कमानीवर विजेत्यांचं गाव असं लिहिलंय. ते खरं आहे आणि हेही खरं आहे.

आपल्याकडे असं का होत नाही, हे तुम्ही पुढे विचारणारच. होतं, पण उशिरा. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जायचा. त्याला दोन वेळचं जेवण, ठरलेला दिवस आणि बरोबरीची पोरं मिळाली ती सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर. स्टीपलचेस तर त्यानं २०१७ मध्ये, विशीनंतर धरली. तरी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं रौप्य आणलं. त्या शर्यतीची तिन्ही पदकं १९९८ पासून दर वेळी केनियाच घेत होता. अविनाश ८:११.२०, पुढचा केनियन किबिवोत ८:११.१५. इटेनमधल्या पोराला जे चौदाव्या वर्षी मिळतं ते आपल्याकडे सैन्य अठराव्या वर्षानंतर देतं, आणि तेही भरतीत निघालेल्यालाच.

राहिला तुमचा नेहमीचा शेवटचा प्रश्न: पोरगा बारा वर्षांचा आहे, आत्तापासून लाँग रन सुरू करू का? नको. सकाळी मैदानावर पाठवा, खो-खो खेळू द्या, उड्या मारू द्या, गोळा फेकू द्या. रुदिशा ब्रदर कॉल्म यांच्या नजरेस पडला तेव्हा ४०० मीटर पळायचा आणि डेकॅथलॉनही (धावणं, उड्या, फेकी असे दहा प्रकार) करायचा. ८०० वर त्याला कॉल्मनी वळवलं ते २००५ मध्ये, तो सोळा वर्षांचा असताना. घरी फक्त दोन गोष्टी सांभाळा: रात्री साडेनऊला मोबाइल तुमच्या उशाशी, आणि सकाळी मैदानावर पोरगा एकटा नको. गल्लीतली आणखी चार पोरं गोळा करा आणि साडेपाचला घेऊन या.