आमच्या मंडळीच्या वार्षिक सभा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी तीन संध्याकाळ सभा असायच्या, अजूनही असतात, आणि क्रम एकदम ठरलेला, पहिला दिवस आज्ञापालन, दुसरा पश्चात्ताप, तिसरा आशीर्वाद. उपदेशक बाहेरचे यायचे, विषयाला नावं दरवर्षी नवीन, पण आत गाडी याच तीन स्टेशनांवर थांबायची. गर्दीचंही तसंच. पहिल्या संध्याकाळी मागच्या खुर्च्या रिकाम्या, दुसऱ्या दिवशी जरा बऱ्या भरलेल्या आणि तिसऱ्या दिवशी दारात उभं राहायला जागा नाही, कारण आशीर्वाद कोणाला नको असतो. पाळकसाहेब हसत म्हणायचे की एकदा न सांगता क्रम उलटा करून बघू म्हणजे शौलाला पण चांगली गर्दी मिळेल.

इस्राएलचा शौल राजा हा पहिल्या दिवसाचा कायमचा पाहुणा. बायबलमधल्या 1 शमुवेल या पुस्तकाचा 15 वा अध्याय. शत्रू असलेल्या अमालेक्यांचं काहीही राखून ठेवू नकोस असं देवाने सांगितलेलं असताना हा त्यांच्या अगाग राजाला जिवंत ठेवतो, चांगली चांगली मेंढरं आणि गुरं ठेवतो आणि वर शमुवेल संदेष्ट्याला सांगतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. मग शमुवेल विचारतो, तर मग माझ्या कानावर हे मेंढरांचं ओरडणं कसलं येतंय? एक उपदेशक इथे माइकवर खरोखर बेंss करायचे आणि आम्ही पुढच्या सतरंजीवर बसलेली पोरं लोळायचो. आज वाटतं त्या अध्यायातली खरी मेख शौलाच्या उत्तरात आहे, तो म्हणतो मेंढरं लोकांनी ठेवली, तीही देवाला यज्ञ करायलाच. म्हणजे आज्ञा मोडायची आणि तिला भक्तीचं कव्हर घालायचं. आणि त्याआधी कर्मेलला जाऊन स्वतःचं स्मारक उभारून आलेला असतो ते वेगळंच! यज्ञापेक्षा ऐकणं बरं हे शमुवेलाचं वाक्य आम्हाला पाठ होतं, संडे स्कूलच्या परीक्षेत गाळलेल्या जागा भरा मध्ये यायचंच.

नामान पण असायचा कधीकधी, पण त्याच्यावर लवकर आटपायचे. मला खरं तर तो जास्त आवडायचा, कोड बरं व्हायला यार्देन नदीत सात वेळा बुडी मार एवढंच सांगितलं म्हणून रागावलेला सेनापती, आमच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) नद्या काय वाईट आहेत म्हणणारा, आणि त्याला समजावतात कोण तर त्याचे नोकर.

दुसरी संध्याकाळ वेगळीच असायची. कॉयर हळू आवाजात गात राहायचा, उपदेशक म्हणायचे ज्यांना वाटतं त्यांनी पुढे यावं, आणि लोक यायचे, गुडघ्यावर बसायचे, रडायचे. आम्हा पोरांना त्याची जरा भीती वाटायची. काही चेहरे दरवर्षी तेच असायचे, आणि त्यावरून मागे कुजबुजही चालायची, ती मात्र मला तेव्हाही आवडली नाही, दरवर्षी यावंसं वाटतं म्हणून येतो माणूस, आपण कोण मोजणार.

पण रडणं आणि पश्चात्ताप यात फरक आहे हे एका वर्षी एका उपदेशकांनी फार सुंदर उलगडून दाखवलं. त्यांनी शौल आणि दावीद शेजारी शेजारी ठेवले. शौल पकडला गेल्यावर म्हणतो मी पाप केलंय. शौलानंतरचा राजा दावीद दुसऱ्याची बायको घेतो, तिच्या नवऱ्याला मारवतो, आणि नाथान संदेष्ट्याने पकडल्यावर तोही तेच म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय, जवळजवळ तेच शब्द. मग एकाचं राज्य जातं आणि दुसऱ्याला क्षमा मिळते ते का? ते म्हणाले पुढचं वाक्य वाचा. शौल लगेच शमुवेलाला म्हणतो, तरी पण आत्ता वडीलमंडळींसमोर माझा मान राख. पापाची कबुली आणि इज्जतीची काळजी एकाच श्वासात. दावीद त्या जागी काहीच मागत नाही. आणि क्षमा मिळाल्यावरही त्या बाईपासून झालेलं त्याचं बाळ वाचत नाही, हे त्या उपदेशकांनी गाळलं नाही याचं मला आजही कौतुक आहे, बरेच जण गाळतात.

तिथूनच ते येशूच्या काळातल्या जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराकडे आले, आणि कसे आले ते बघा. नाथानाने गरीबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद चिडून म्हणाला होता की त्या माणसाने चौपट भरून द्यावं, मेंढरू चोरलं तर चार द्यायची हा मोशेच्या नियमशास्त्रातलाच हिशोब आहे. आणि यरीहोचा जक्कय काय म्हणतो, कोणाचं काही लुबाडलं असेल तर चौपट परत करतो, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. दावीदाने दुसऱ्यासाठी सांगितलेली शिक्षा जक्कय स्वतःहून स्वतःला लावून घेतो. मी हा अध्याय लहानपणापासून ऐकत होतो, येशूला बघायला जक्कय चढला त्या उंबराच्या झाडाची ॲक्शन करत बाकावर चढत होतो, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

त्या सभेनंतर एका काकांनी साक्ष दिली. दोन वाक्यांची. धंद्यातल्या जुन्या भागीदाराचे पैसे माझ्याकडे राहिले होते, ते परवा देऊन आलो. बसले खाली. ना डोळ्यात पाणी, ना हालेलुया. टाळ्या वाजवाव्या की नाही हेच लोकांना कळेना. मला विचाराल तर सगळ्या वर्षांतली ती सगळ्यात दमदार साक्ष. येशूने मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायात सांगितलेल्या दोन मुलांच्या दाखल्यातला पहिला मुलगा असाच आहे, बापाला तोंडावर नाही म्हणतो आणि मग पस्तावून द्राक्षमळ्यात कामाला जातो. दुसरा हो जी हो जी करून जातच नाही. म्हणजे पहिला दिवस आणि दुसरा दिवस हे तसे वेगळे नव्हतेच, चुकलेल्या माणसाचं आज्ञापालन दिसतं ते असंच, उशिरा का होईना मळ्यात हजर.

आता तिसरा दिवस. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 28 वा अध्याय वाचला जायचा, नगरात आशीर्वादित, शेतात आशीर्वादित, आत येताना बाहेर जाताना आशीर्वादित, आणि प्रत्येक ओळीला आमेन. अध्यायात 68 वचनं आहेत आणि वाचन नेहमी 14 व्याला थांबायचं, कारण 15 व्यापासून शाप सुरू होतात. वाढत्या वयात हे मला खटकायला लागलं. ऐकशील तर मिळेल हे खरं आहे, तिथे तसंच लिहिलंय, पण ते फक्त तेवढंच ऐकलं की माणूस हिशोबाला बसतो. एकदा सभा संपल्यावर एक आजी पाळकसाहेबांना सरळ म्हणाल्या, साहेब, मी जन्मभर ऐकलं हो, मग माझ्या घरात हे असं का? पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, आजी, काही चूक नसताना सगळं गमावलेल्या ईयोबाने पण हेच विचारलं होतं आणि देवाने त्याला रागावून हाकललं नाही, उलट त्याच्या मित्रांनाच सांगितलं की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. आजींचं समाधान झालं की नाही माहीत नाही, पण दुसऱ्या वर्षी त्या पहिल्या रांगेत होत्या.

आणि मग खरंच एका वर्षी क्रम उलटा झाला. नवीन उपदेशक होते, वयाने तरुण, त्यांनी पहिल्याच संध्याकाळी आशीर्वाद घेतला. म्हणाले निर्गम या पुस्तकाचा 20 वा अध्याय उघडा, दहा आज्ञा कुठून सुरू होतात ते बघा, आधी देव म्हणतो मी तुला मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून बाहेर आणलं, आणि मग आज्ञा. सुटका आधी झालेली आहे. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातसुद्धा आधी धन्य धन्य, मग बाकी सगळं. आणि जक्कय? येशू झाडाखाली थांबून म्हणतो आज मला तुझ्या घरी उतरायचंय, तोपर्यंत जक्कयाने एक दमडीही परत केलेली नसते! चौपट नंतर येतं. मागे बसलेले काही जुने लोक कुरकुरले, अशाने पोरं शेफारतील म्हणे. पण सभेच्या शेवटी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे हात वर करून गणना या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायातला अहरोन याजकाचा आशीर्वाद म्हटला, आणि मला एकदम जाणवलं की त्यात एकही 'जर' नाही, आणि तो तर तिन्ही दिवस म्हटला जातो, रिकाम्या खुर्च्यांच्या दिवशी पण.

राहिलं मुलांचं नाटक. ते दर वर्षी योनाचंच. माशासाठी कापड शिवलेलं तयार होतं हे मुख्य कारण. देवाने निनवे शहराला बजावायला पाठवलेला योना संदेष्टा उलट तार्शीशला पळायचा, वादळ यायचं, मासा गिळायचा, मग निनवे पश्चात्ताप करायची, आणि तिथे राजाच्या हुकमाने गुराढोरांनाही पश्चात्तापाचं गोणपाट असल्यामुळे सगळ्या छोट्यांना जनावराचा रोल मिळायचा. तिसऱ्या अध्यायावर पडदा, टाळ्या. चौथा कोणी करायचंच नाही. मग संडे स्कूलच्या एका ताईंनी हट्टाने चौथा अध्याय बसवला. आज्ञा पाळूनही, निनवेला क्षमा मिळाली म्हणून फुगून बसलेला योना, त्याच्यावर सावली धरणारी वेल, ती वेल खाणारा किडा, आणि शेवटी देवाचा प्रश्न, एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरं असलेल्या या शहराची मी कीव करू नये काय? पुस्तक तिथेच संपतं, योना उत्तरच देत नाही, आणि ताईंनीही कोणाला उत्तर लिहून दिलं नव्हतं. त्यामुळे प्रश्न झाला आणि योना झालेला मुलगा तोंड फुगवून बसून राहिला, लोकांना कळेना संपलं का, शेवटी तोच माइकमध्ये म्हणाला, ताई उठू का?

तेव्हापासून चौथा अध्याय फिक्स आहे. मोठा रोल म्हणून योनासाठी भांडणं व्हायची ती आता किड्यासाठी होतात, त्याला डायलॉग नाही, पण वेल सगळ्यांसमोर खायला मिळते.