छिद्र, फोकल लेंथ आणि उभे राहण्याची जागा

हौशी छायाचित्रकार लेन्सविषयी बोलू लागले की चर्चा बहुधा दोन आकड्यांभोवती फिरते: फोकल लेंथ (लेन्स दृश्य किती जवळ आणते हे ठरवणारे मिलिमीटरमधील माप) किती आणि ॲपर्चर (प्रकाश आत येऊ देणारे छिद्र) किती. पहिला आकडा दूरचे जवळ आणण्यासाठी आणि दुसरा कमी उजेडात निभावून नेण्यासाठी, अशी कामांची वाटणी आपल्या मनात पक्की झालेली असते. ही वाटणी चुकीची नाही, पण अपुरी आहे, आणि त्या अपुरेपणापायी अनेकांचा पैसा आणि त्याहून मोलाचा वेळ भलत्याच लेन्सवर खर्च होतो, असे माझे मत आहे. हे दोन आकडे एकमेकांत गुंतलेले आहेत. शिवाय त्यांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट असते, जी लेन्सवर कोठेही छापलेली नसते: आपण विषयापासून किती अंतरावर उभे आहोत.

ॲपर्चरचा आकडा हे एक गुणोत्तर आहे. फोकल लेंथला, लेन्समध्ये पुढून पाहताना दिसणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो. ५० मिमी फोकल लेंथच्या लेन्सचे छिद्र २५ मिमी व्यासाचे असेल तर तो आकडा २, म्हणजे एफ/२. २०० मिमी लेन्सवर तेच एफ/२ मिळवायचे तर १०० मिमी व्यासाचे छिद्र लागेल, आणि लांब पल्ल्याच्या उजळ लेन्स इतक्या जड व महाग का असतात याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही ॲपर्चरच्या आकड्यांची मालिका प्रथमदर्शनी विचित्र वाटते, परंतु तिच्या प्रत्येक पायरीवर (तिला ‘स्टॉप’ म्हणतात) छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे होते आणि आत येणारा प्रकाशही निम्मा होतो. गुणोत्तर वापरण्याचा लाभ असा की लेन्स कोणतीही असो, एफ/४ ला सेन्सरवर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागावर) पडणारा उजेड जवळजवळ सारखाच राहतो. एक्स्पोजरच्या, म्हणजे चित्राला किती उजेड मिळतो याच्या, हिशेबाला एवढे पुरते.

पार्श्वभूमी किती धूसर होईल हे समजण्यासाठी मात्र गुणोत्तर पुरत नाही. तेथे छिद्राचा खरा, मिलिमीटरमधील व्यास पाहावा लागतो. समजा, एखाद्या व्यक्तीवर फोकस केला आहे आणि तिच्या मागे फार दूरवर एक दिवा आहे. छायाचित्रात तो दिवा एका चकतीसारखा दिसतो, आणि त्या व्यक्तीच्या मापाने मोजली तर ती चकती बरोबर छिद्राच्या व्यासाएवढी असते. ५० मिमी लेन्सवर एफ/२ असेल तर चकती २५ मिमीची. ८५ मिमी लेन्सवर एफ/१.४ असेल तर सुमारे ६१ मिमीची, म्हणजे साधारणपणे त्या व्यक्तीच्या दोन डोळ्यांमधील अंतराएवढी. हा नियम ज्याला उमगला त्याला लेन्सच्या माहितीपत्रकातील निम्मी कोडी सुटल्यासारखी वाटतील. २०० मिमी आणि एफ/४ ही जोडी कागदावर मंद, म्हणजे कमी उजेड घेणारी, दिसते, पण तिचे छिद्र ५० मिमीचे आहे. १०० मिमी लेन्स एफ/२ ला वापरली तरी छिद्र तेवढेच येते. म्हणून व्यक्ती चौकटीत तेवढीच मोठी ठेवली, तर फार दूरची पार्श्वभूमी दोन्ही लेन्स सारखीच विरघळवतात.

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी झूम लेन्सकडे याच दृष्टीने पाहावे. तिच्यावर एफ/३.५-५.६ असे लिहिलेले असते, त्यामुळे १८ मिमीला ती अधिक उघडी आहे आणि तेथेच पार्श्वभूमी चांगली धूसर होईल, असा समज होतो. प्रत्यक्षात १८ मिमी आणि एफ/३.५ ला छिद्र जेमतेम ५ मिमीचे असते, तर ५५ मिमी आणि एफ/५.६ ला ते जवळजवळ १० मिमी होते. उजेड कमी, पण धूसरपणा दुप्पट. नवी लेन्स घेण्यापूर्वी हाताशी असलेली लेन्स तिच्या लांबच्या टोकाला नेऊन, विषयाला पार्श्वभूमीपासून बरेच दूर उभे करून एखादे व्यक्तिचित्र काढून पाहावे, असे मी प्रत्येक नवशिक्याला आवर्जून सांगतो.

ॲपर्चरचा आकडा लहान असूनही मोबाइलवर पार्श्वभूमी धूसर का होत नाही, हे कोडेही येथेच सुटते. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ साधारण ६ मिमी धरली आणि ॲपर्चर एफ/१.८ धरले, तर छिद्र ३ मिमीहून थोडेसेच मोठे येते. म्हणूनच व्यक्तिचित्रातील मऊ पार्श्वभूमी तेथे संगणकीय प्रक्रियेने घडवावी लागते. याच्या अगदी उलट टोकाला १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेला ‘ग्रुप एफ/६४’ हा छायाचित्रकारांचा गट आहे. ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींच्या या गटाने मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यावरील अतिशय लहान ॲपर्चरचे नाव घेतले, कारण पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सारे काही रेखीव असावे, हा त्यांचा आग्रह होता. अशा कॅमेऱ्यावरच्या ३०० मिमी लेन्सचे छिद्र एफ/६४ ला ४.७ मिमी येते. आकड्यांत एफ/१.८ आणि एफ/६४ यांच्यात केवढे अंतर, आणि तरीही प्रत्यक्ष छिद्रे जवळपास एकाच मापाची! मला हा योगायोग फार सुंदर वाटतो, कारण सखोल रेखीवपणा नेमका कशातून येतो हे तो एका फटक्यात दाखवून देतो.

आता फोकल लेंथकडे वळू. टेलीफोटो (लांब फोकल लेंथची) लेन्स अंतर दाबून टाकते आणि वाइड अँगल (आखूड फोकल लेंथची) लेन्स चेहरा विद्रूप करते, ही वाक्ये इतकी रूढ झाली आहेत की त्यांच्याविषयी शंका घेणेही अवघड जाते. परंतु पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या व दूरच्या वस्तूंच्या आकारांतील परस्पर प्रमाण, केवळ कॅमेऱ्याच्या जागेवर ठरते. त्याच जागेवरून २४ मिमीने काढलेल्या चित्राचा मधला भाग कापून मोठा केला तर त्यातील प्रमाणे १०० मिमीच्या चित्राशी तंतोतंत जुळतात. तपशील कमी होईल इतकेच.

चेहऱ्याचे उदाहरण घ्या. नाकाचे टोक आणि कान यांच्यात साधारण १२ सेंमी अंतर धरू. कॅमेरा नाकापासून ४० सेंमीवर असेल तर कान ५२ सेंमीवर असतो, आणि कानाच्या तुलनेत नाक ३० टक्के मोठे उमटते. हाच कॅमेरा २ मीटरवर नेला की हा फरक ६ टक्क्यांवर येतो. वाइड लेन्सचा दोष एवढाच की चेहऱ्याने चौकट भरण्यासाठी ती आपल्याला जवळ जायला भाग पाडते. ८५ ते १३५ मिमीच्या लेन्स व्यक्तिचित्रासाठी मानल्या जातात, त्यामागचे मोठे कारण हे की त्या आपल्याला दीड-दोन मीटर मागे उभे करतात, जेथून चेहरा आपल्या ओळखीचा दिसतो.

निसर्गचित्रात हाच नियम उलट्या अंगाने कामी येतो. एखाद्या माणसाला २ मीटरवरून २४ मिमीने टिपले तर त्याच्या मागचा दूरचा डोंगर किरकोळ टेकाडासारखा दिसतो. ८ मीटरवर मागे येऊन ९६ मिमी लावले, तर माणूस चौकटीत तेवढाच राहतो आणि डोंगर मात्र चौपट उंच होतो, कारण आपण मागे आल्याने डोंगराच्या अंतरात नगण्य फरक पडला आहे आणि माणसाचे अंतर चौपट झाले आहे. माझ्या मते हौशी छायाचित्रणातील सर्वांत उपयुक्त सवय कोणती असेल तर ती हीच: झूम फिरवण्यापूर्वी पुढच्या आणि मागच्या वस्तूंचे प्रमाण कसे हवे ते ठरवून त्या जागी जावे आणि मग चौकट आवळण्यासाठी झूम वापरावी.

डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे रेखीव दिसणाऱ्या पट्ट्याची खोली, ही धूसरपणाशी निगडित असली तरी स्वतंत्र बाब आहे. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सने दीड मीटरवरून एफ/१.४ ला चित्र काढले तर ही खोली सुमारे अडीच सेंटिमीटर भरते. समोरच्या व्यक्तीने मान थोडी वळवली की दूरचा डोळा जवळच्या डोळ्याहून सहज तीन सेंटिमीटर मागे जातो, म्हणजे पट्ट्याबाहेर. एफ/४ ला हीच खोली सुमारे सात सेंटिमीटर होते, दोन्ही डोळे त्यात सामावतात, आणि पार्श्वभूमी दूर असेल तर ती तरीही पुरेशी मऊ राहते. महागडी लेन्स घेतली म्हणून ती कायम पूर्ण उघडी वापरण्याची जी रीत पडली आहे, ती मला मुळीच पटत नाही. डोळे हरवलेल्या व्यक्तिचित्राला पार्श्वभूमीचे सौंदर्य वाचवू शकत नाही.

निसर्गचित्रासाठी २४ मिमी, एफ/८ आणि २.४ मीटरवर फोकस, एवढ्याने १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सारे रेखीव येते. २०० मिमीला एफ/८ वर हाच परिणाम हवा असेल तर फोकस दीडशे मीटरहूनही पुढे न्यावा लागतो. हे हिशेब मध्यम आकाराची छापील प्रत साधारण अंतरावरून पाहिली जाईल असे धरून केलेले असतात. मोठ्या पडद्यावर बारकाईने पाहायचे असेल तर छिद्र आणखी एक स्टॉप बंद करावे. मात्र सरसकट एफ/२२ लावू नये. छिद्र लहान झाले की प्रकाश कडेला पसरतो आणि प्रत्येक बिंदूचा ठिपका होतो. एफ/१६ ला हा ठिपका सुमारे ०.०२१ मिमी व्यासाचा असतो, तर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवरील एक पिक्सेल सुमारे ०.००६ मिमीचा. बहुतेक लेन्स एफ/५.६ ते एफ/८ च्या आसपास सर्वांत तल्लख असतात, त्याचे एक कारण हेच आहे.

सेन्सरच्या आकाराविषयी थोडक्यात सांगतो. ३६ × २४ मिमीच्या चौकटीची ओळख १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने जगाला करून दिली आणि आजही फोकल लेंथची तुलना त्याच मापाने होते. १.५ क्रॉपच्या, म्हणजे लांबी-रुंदीत दीडपट लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स फुल फ्रेमवरील सुमारे ५० मिमीएवढे दृश्य देते, पण एफ/१.८ ला तिचे छिद्र १९ मिमीचेच राहते, म्हणून धूसरपणा फुल फ्रेमवरील ५० मिमी आणि एफ/२.८ या जोडीच्या आसपास येतो. एक्स्पोजर मात्र एफ/१.८ चेच धरायचे.

अगदी जवळून केलेल्या छायाचित्रणात दोन्ही आकड्यांच्या भूमिका बदलतात. सेन्सरवर वस्तू प्रत्यक्षाएवढी उमटेल इतके जवळ गेले की फुल फ्रेमवर एफ/८ ला खोली अवघी एक मिलिमीटर उरते, आणि लेन्स ५० मिमीची असो वा १०० मिमीची, तिच्यात फारसा फरक पडत नाही. लांब लेन्सचा फायदा वेगळा आहे: तिने मागचा परिसर कमी दिसतो आणि कीटकापासून थोडे दूर राहता येते, त्यामुळे तो बिथरत नाही व आपली सावलीही त्याच्यावर पडत नाही.

लेन्स खरेदीचा सल्ला मला वारंवार विचारला जातो. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बरेचसे काम एका ५० मिमी लेन्सवर केले, हे सर्वश्रुत आहे. पण त्यांची फोकल लेंथ आपलीही असेलच असे नाही. आपल्या संग्रहातील मनापासून आवडलेली छायाचित्रे निवडावीत आणि प्रत्येकाच्या फाइलमध्ये नोंदलेली फोकल लेंथ व ॲपर्चर कागदावर उतरवावे. बहुतेकांची चित्रे एक-दोन फोकल लेंथभोवती गोळा झालेली आढळतात. त्या ठिकाणी सध्याच्या लेन्सचे छिद्र किती मिलिमीटर आहे आणि नव्या लेन्सचे किती असेल, हा भागाकार करावा. फरक दीडपटीहून कमी असेल, तर पार्श्वभूमीच्या धूसरपणासाठी ती लेन्स घेण्याचे कारण मला दिसत नाही.