तुम्ही विचारलंत म्हणून: बॅकअप आहे ना, मग घाबरायचं कशाला?

छोट्या ऑफिसांच्या कॉम्प्युटरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, घेतो मी, त्यामुळे हा प्रश्न महिन्यातनं दोनदा तरी येतोच, चहा यायच्या आत. "अहो रोजचा बॅकअप होतो आमचा, रॅन्समवेअर काय करणार?" रॅन्समवेअर म्हणजे फाइली लॉक करून सोडवायला खंडणी मागणारा व्हायरस. मी म्हणतो, बॅकअप दाखवा कुठंय. मग मालक सर्व्हरच्या मागं बोट दाखवतात, तिथं यूएसबीला एक हार्डडिस्क लटकलेली, वर धूळ, निळा दिवा लुकलुकतोय.

खोटं कशाला बोलू, अशीच एक डिस्क मीच लावून दिली होती एका सूत व्यापाऱ्याकडे. सोमवारी सकाळी अकाउंटंट ताईंचा फोन, "दादा, टॅली उघडेना." जाऊन बघतो तर फाइलींची नावं तीच पण शेपटीला भलतीच अक्षरं चिकटलेली, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी, की फाइली लॉक केल्यात, बिटकॉइन भरा, या ईमेलवर बोला. शेठना घरनं काम करायचं म्हणून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून सर्व्हर चालवायची सोय, थेट इंटरनेटवर उघडा, पासवर्ड म्हणजे पेढीचं नाव आणि पुढं १२३. शनिवारी रात्री कोणीतरी निवांत आत आलं. आणि डिस्क? जे सर्व्हरला दिसतं ते आत शिरलेल्यालाही दिसतं, तीपण लॉक.

पैसे नाही भरले. भरून फाइली उघडायची किल्ली मिळेलच याचा भरवसा नाही, आणि मिळाली तरी अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीचं २०२१ मध्ये काय झालं बघा, साधारण ४४ लाख डॉलर मोजले, किल्ली आली पण इतकी हळू चालायची की शेवटी स्वतःचे बॅकअपच कामाला आले. आमच्या ताईंनी दीड महिना बिलांच्या फायली पुढ्यात घेऊन एंट्र्या मारल्या. त्या काळात माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायच्या.

आता वाटेल की मोठ्या कंपन्यांना हे कळत असेल. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला, युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधनं, आणि माएर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली, आपल्या न्हावा शेव्याचं त्यांचं टर्मिनलसुद्धा ठप्प. दिसायला रॅन्समवेअर, पण पैसे भरूनही फाइली सुटणारच नव्हत्या, ते नासधूस करायलाच सोडलेलं. कुणाला कुठं लॉगिन करता येतं हे सांभाळणारे त्यांचे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते, सगळे एकमेकांशी सिंक, एकात बदल झाला की बाकीच्यांत आपोआप, म्हणजे एक गेला तर बाकीचे आहेतच असा हिशोब. सगळे एकदम जातील हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. वाचला एकच, घानामधला, कारण हल्ल्याच्या आधी तिथली लाइट गेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हताच! महावितरणला शिव्या घालताना मला दरवेळी हे आठवतं. त्या एका सर्व्हरच्या जिवावर त्यांनी ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी १० दिवसांत नव्यानं उभे केले.

म्हणून मी म्हणतो, सिंक म्हणजे बॅकअप नाही. ऑनलाइन ड्राइव्हला सिंक होणारं फोल्डरही लॉक झालेल्या फाइली इमानेइतबारे वर चढवतं. तीन प्रती हव्यात, त्यातली एक वायर काढून दुसऱ्या जागी ठेवलेली. रिमोट डेस्कटॉप थेट उघडा नको, व्हीपीएन (इंटरनेटवरनं आत यायची सुरक्षित खाजगी वाट) आणि ओटीपी लावा, आणि विंडोजचा अपडेट "नंतर करू" म्हणून ढकलू नका, वॉनाक्राय हे रॅन्समवेअर मे २०१७ मध्ये विंडोजच्या ज्या भोकातनं शिरलं ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. आणि लॉक झालंच तर आधी नेटवर्कची केबल उपटा, घाईनं फॉरमॅट मारू नका, पुरावा जातो. २०२२ पासून कंपन्यांना अशी घटना ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ले बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवावी लागते, हे बहुतेक शेठना मीच पहिल्यांदा सांगतो.

त्या सूत व्यापाऱ्याकडे आता दोन डिस्क आहेत, आलटून पालटून. शुक्रवारी संध्याकाळी एक काढायची आणि ताई ती डब्याच्या पिशवीत घालून घरी नेतात. मागच्या महिन्यात मी हट्टानं ती मागवली, म्हटलं दुसऱ्या पीसीवर रिस्टोअर करून बघू. सगळं आलं, फक्त एप्रिलचं फोल्डर रिकामं. ताईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं.