शून्य कुठं धरलं ते आधी सांगा

गोसीखुर्द धरणाची उंची २२.५ मीटर. अन् धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी २४५.५० मीटर. आमच्या पवनी तालुक्यात पावसाळ्यात दुसरा आकडा पोराटोरांच्याही तोंडी असतो, कारण किती दारं उघडली ते त्याच्याच शेजारी छापून येतं. पण दोन्ही आकडे एकत्र ठेवले की भलेभले गोंधळतात. पानठेल्यावर एका म्हाताऱ्यानं मला एकदा रोखूनच विचारलं होतं, "बावीस मीटरच्या भितीमांगं दोनशे पंचेचाळीस मीटर पानी मावते कसं रे बापा?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. भिंत मोजली ती तिच्या पायापासून, पाणी मोजलं ते समुद्रसपाटीपासून. धरणाचा पायाच मुळात समुद्राच्या सव्वादोनशे मीटरच्या आसपास वर बसलाय, तिथून पुढं भिंत. मराठीत आपण दोन्हीला उंचीच म्हणतो आणि निभावून नेतो. इंग्रजीत भिंतीची ती हाइट, अन् जागेची किंवा पातळीची समुद्रापासूनची ती एलिव्हेशन.

आता माझं दुकान आहे, झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं. भरतीची तयारी करणारी पोरं येतात, फॉर्म भरता भरता गाईडातले प्रश्न काढतात. हाइट, एलिव्हेशन, अल्टिट्यूड यांतला फरक सांगा. गाईडात तिन्हीपुढं ‘उंची’ लिहून मोकळे झालेले असतात. मी काही इंग्रजीचा मास्तर नाही, पण हे शब्द मला चिखलात उभं राहून शिकावे लागले, म्हणून सांगू शकतो.

दुकानाआधी मी नहराच्या सर्व्हेवर रोजीनं स्टाफ धरायला जायचो. स्टाफ म्हणजे खुणांची ॲल्युमिनियमची पट्टी, एकीतून एक सरकवली की चार-पाच मीटर होते. तिकडं साहेब ऑटो लेव्हलला, म्हणजे तिपाईवरच्या सपाट नजरेच्या दुर्बिणीला, डोळा लावून, इकडं मी धानाच्या बांधीत पट्टी उभी धरून. पट्टी जराशी कलली की तिकडून हात हलायचा. पहिलं वाचन नेहमी टीबीएमवर, म्हणजे जिची पातळी आधीच ठाऊक आहे अशा खुणेवर. पुलाच्या कठड्यावर लाल पेंटानं बाण काढलेला अन् खाली आरएल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची पातळी, लिहिलेला, समजा २३८.४२० मीटर. त्यावर पट्टी ठेवली आणि साहेबाला १.३५० दिसलं, म्हणजे मशीनची नजर २३९.७७० वर आहे. मग मी खाली बांधीत उतरायचो. तिथं २.१७० दिसलं तर वजा करा, बांधीची जमीन २३७.६०० वर. हा जो आरएल, तोच एलिव्हेशन. साहेब लोक कागदावर एक शब्द लिहायचे, तोंडानं दुसरा बोलायचे, एवढंच.

यात माझी स्वतःची हाइट साडेपाच फूट, ती कुठंही उभा राहिलो तरी साडेपाचच. पाय जिथं टेकले त्या जागेचं एलिव्हेशन मात्र पाळीवरून, म्हणजे बांधावरून, खाली बांधीत उतरलो की बदललं. नहराच्या भरावाचंही तसंच. भराव दोन मीटर हाइटचा असो की चारचा, पाणी बघतं ते आरएल. शेत नहराच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असेल तर किती का तक्रारी करा, पाणी आपलं आपण चढत नाही, इंजिन लावावं लागतं. आमच्याकडं टेलवरच्या, म्हणजे नहराच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांची निम्मी भांडणं ही आरएलची भांडणं असतात, फक्त तो शब्द कोणी घेत नाही. आणि बुडीतात गेलेल्या गावांना तर हे शिकवायलाच नको. पाणी कुठवर येईल ते भिंतीच्या हाइटवरून कळत नाही. घराचं जोतं किती आरएलवर आहे, त्यावरून कळतं.

हे समुद्राचं शून्य समुद्रापासून एवढ्या लांब कोणी आणलं, असं एक पोरगी विचारत होती. आणलं तसंच, पट्टी अन् लेव्हल घेऊन, टप्प्याटप्प्यानं. भारतात त्यासाठी नऊ बंदरांवर भरती-ओहोटी मोजली, सरासरी काढली, तिथून आत देशभर लेव्हल नेली. ते जाळं १९०९ साली जुळवून पक्कं केलं. नागपूरला झिरो माइलला गेलात तर तिथल्या घोड्यांच्या पुतळ्यांचे फोटो काढून परत फिरू नका, सर्व्हेचा तो खांबही बघा. त्याच्या माथ्याचं एलिव्हेशन १०२०.१७१ फूट आहे. फुटाचा हजारावा भाग! ज्यानं वाऱ्यात पट्टी धरलीय त्यालाच या शेवटच्या ‘एक’ची किंमत कळेल.

राहिलं अल्टिट्यूड. जमिनीवर रोवलेल्या वस्तूला हाइट, जमिनीलाच एलिव्हेशन, आणि जमीन सोडून वर गेलेल्याला अल्टिट्यूड, असं ढोबळ धरून चाला. विमानवाले तर यात फार काटेकोर. त्यांच्याकडं अल्टिट्यूड समुद्रसपाटीपासून, हाइट खालच्या जमिनीपासून. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,०३० फुटांवर. त्यामुळं विमान धावपट्टीवर टेकून उभं असलं तरी त्याचा अल्टिमीटर, म्हणजे उंचीचा काटा, शून्य न दाखवता हजार-तीसच्या आसपास दाखवतो. हा काटा खरं म्हणजे हवेचा दाब मोजतो, म्हणून त्या-त्या वेळचा दाब वैमानिकाला खालून कळवावा लागतो. दाबाचा आकडा चुकीचा लावला की अल्टिट्यूडही चुकीचं.

आता हा घोळ गावातही आलाय, ड्रोनमुळं. माझ्या भाच्याकडं लग्नाचं शूटिंग करणारं लहान ड्रोन आहे. तलावाच्या पाळीवरून उडवतो, अन् पाळीखाली धानावर आणला की स्क्रीनवर वजा आकडा. "मामा, हा जमिनीत घुसला का?" जमिनीत काही घुसला नाही. त्याचं शून्य म्हणजे जिथून उडाला ती जागा. आणि सरकारचा जो ४०० फुटांचा नियम आहे तो जमिनीपासून. स्क्रीनवरचा आकडा अन् नियमाचा आकडा यांची शून्यं वेगळी पडू शकतात, हे ज्याच्या लक्षात राहील त्याचं ड्रोन सुखरूप.

मोबाइलचं तर विचारूच नका. जीपीएसला समुद्र ठाऊकच नसतो, तो पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती आकार धरतो. आपल्या भागात खरी समुद्रपातळी त्या आकाराच्या पन्नास मीटरहून जास्त खाली आहे. बरीच ॲप ती दुरुस्ती करून आकडा देतात, काही देत नाहीत. म्हणून दोन मित्र एकाच कट्ट्यावर बसून आपापला मोबाइल दाखवत भांडतात.

दहावीच्या पोरांना वेगळाच त्रास. भूमितीत त्रिकोणाचा अल्टिट्यूड म्हणजे शिरोलंब, तिथं समुद्र नाही की विमान नाही. अँगल ऑफ एलिव्हेशन म्हणजे उन्नत कोन, तो अंशांत. त्यांना मी सांगतो, पेपर गणिताचा असला की माझं सगळं विसरा.

आणि टॉल-हाय? सागाचं झाड टॉल, त्याच्या शेंड्यावरचं घरटं हाय. घरटं स्वतः वीतभरही नसतं.

सगळ्यात जास्त मजा मात्र घरकुलवाल्यांची. गावात घर बांधायला काढलं की मिस्त्री पहिले विचारतो, "भाऊ, एलिव्हेशन कसं पायजे?" त्याला आरएल नको असतो. समोरून घर कसं दिसेल त्याचं चित्र हवं असतं: गोल खांब, टाइल्स, वर एखादा गरुड. इंग्रजीत त्या चित्रालाही एलिव्हेशनच म्हणतात, त्यामुळं मिस्त्रीचं चूक नाही. पण परवा एकानं गरुडासकट सगळं ठरवलं अन् जोतं रस्त्यापेक्षा खाली ठेवलं. मी म्हटलं, दोन्ही एलिव्हेशन विचार ना रे. तो म्हणाला, "दुसऱ्याचे पैसे किती लागतीन?"