जवस: बी घ्यायचं की वाख?

लिननचं कापड जवसाच्या काडीतून निघतं हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: आपल्या रानातल्या जवसाचा वाख, म्हणजे सालीचा धागा, निघेल का? निघतो, पण जाडाभरडा. लातूर-९३ सारखे आपले वाण तेलबियांचे. झाड बुटकं, वर फांद्या फुटलेल्या. लांब धागा हवा तर काडी सरळ, बिनफांदीची लागते. धाग्याचा जवस म्हणूनच दाट पेरतात आणि खालचा तिसरा हिस्सा पिवळा पडला की मुळासकट उपटतात. बियांसाठी बोंडं तपकिरी होईपर्यंत थांबावं लागतं, तोवर धागा राठ होतो. एका झाडाकडून दोन्ही उत्तम मिळत नाही.

दोरीपुरता वाख काढायचा तर रीत सण-अंबाडीचीच. बोंडं झोडून घ्या, काड्यांच्या पेंढ्या हौदात दगडाखाली पूर्ण बुडवा. चौथ्या दिवसापासून रोज एक काडी मोडून पाहा. साल आतल्या लाकडापासून बुडख्यापासून शेंड्यापर्यंत सुटली, की लगेच बाहेर काढा. लवकर काढलं तर लाकूड चिकटून राहतं, उशीर झाला तर धागाच कुजतो. मग कडक वाळवून मोगरीने ठेचायचं आणि विंचरायचं. युरोपात काड्या शेतात पसरून दवावर कुजवतात. आपल्याकडे फाल्गुनात दवच नसतं. कुजवलेलं पाणी विहिरीत, ओढ्यात सोडू नका, मासे मरतात.

खरं मोल बियाचंच. पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, एकरी ८ ते १० किलो बी, दोन ओळींत ३० सेंमी अंतर, खोली २-३ सेंमी. उशीर केला की गादमाशी कळ्यांत अंडी घालते. कळी फुगते, बोंड धरत नाही. फवारणीपेक्षा वेळेवरची पेरणी केव्हाही भली.

चटणीसाठी जवस मंद आचेवर, तडतड थांबेपर्यंत हलवत भाजा. पूर्ण गार झाल्यावर लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. बियात सुमारे ४० टक्के तेल असतं आणि ते हवेने लवकर खवट होतं. पंधरा दिवसांपुरतीच चटणी करा, बी मात्र अख्खं साठवा. अख्खं बी न चावता गिळलं तर तसंच बाहेर पडतं, म्हणून कुटूनच खावं. याच तेलाचा पातळ थर हवेत सुकून घट्ट होतो, म्हणून ते रंगात आणि लाकडाला लावायला चालतं. तळायला वापरू नये.

पेंड दुभत्या जनावरांना चांगली, पण कोमट पाण्यात भिजत ठेवू नका. त्यात सायनाइडचं विष सुटू शकतं. द्यायची तर कोरडी, नाहीतर दहा मिनिटं खळखळ उकळून. कोवळ्या हिरव्या जवसातही तेच विष असतं, तिथे गुरं सोडू नका.