कार्ड नाही हो, सेल गेलाय

ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या लाइन आणि आतले फोन जोडणारी सिस्टिम, आठवडाभर ठणठणीत चालते आणि सोमवारी सकाळीच चक्रावते, असं कुणी सांगितलं की मी कार्डाकडे, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाकडे, बघतच नाही. आधी विचारतो, “शनिवारी मेन बंद करून जाता का?”

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर परवा हेच निघालं. तीन लाइन, आठ एक्स्टेंशनची (आतल्या फोनची) जुनी सिस्टिम. पेढी, गोदाम, वजनकाटा आणि वरच्या मजल्यावर शेठचं घर. मुनीमजी वैतागलेले. “अहो, एकवीस फिरवलं की गोदाम लागायचं. आता नुसतं टूं टूं टूं. आणि बाहेरचा फोन आला की वहिनींच्या स्वयंपाकघरात पण घंटी!” आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकनं मेन कार्ड उडालंय म्हणून साडेबारा हजारांचा आकडा देऊन ठेवला होता.

आता बघा, उडालेलं कार्ड नुसते नंबर परत भरल्यावर चालू होत नसतं. इथं दर सोमवारी कुणीतरी येऊन नंबर भरायचं आणि शनिवारपर्यंत सगळं सुरळीत. वळवाच्या पावसात वीज पडून पोर्ट (एकेका फोनची जोडणी) गेला तर तेवढ्याच एक्स्टेंशनला टोन येत नाही, बाकीचे बोलत राहतात. पॉवर सप्लायचे कंडेन्सर फुगले तर सिस्टिम भरदिवसा आपोआप रिस्टार्ट होते. पण नंबर डिफॉल्टवर, एसटीडीचं लॉक उघडं, घंटी सगळीकडे आणि डिस्प्लेवर १ जानेवारी २०००, हे सगळं एकदम दिसलं की मेमरी पुसली गेलीय असं समजायचं.

या जुन्या सिस्टिममध्ये तुमचं प्रोग्रॅमिंग रॅममध्ये, म्हणजे वीज तुटली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असतं. वीज असेपर्यंत प्रश्न नाही. वीज गेली की बोर्डावरचा रुपयाएवढा ३ व्होल्टचा सेल ती रॅम आणि घड्याळ सांभाळतो. सीआर२०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. सर्किट १० मायक्रोअँपिअर खात असेल तर २२ हजार तास, म्हणजे सलग अडीच वर्षं. वीज चालू असताना तो खर्च होत नाही. म्हणून चोवीस तास सुरू असलेल्या दवाखान्यात सेल आठ-दहा वर्षं निघतो आणि रोज रात्री मेन पाडणाऱ्या पेढीवर चारेक वर्षांत बसतो. दमलेला सेल एक रात्र कसाबसा काढतो, पण शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हे अंतर त्याला झेपत नाही. शेठ बारदानाला आग लागेल या भीतीनं पेढी वाढवली की मेन खाली ओढतात. त्यांचंही चूक नाही.

झाकण उघडलं तर आत हळदीची पिवळी धूळ. मीटर लावला, १.९ व्होल्ट. २.७ च्या खाली आला की मी सेल ठेवत नाही.

बदलायची एक रीत आहे. प्रोग्रॅमिंग शाबूत असेल तर सेल सिस्टिम चालू ठेवूनच काढायचा, नाहीतर उरलंसुरलंही जातं. मात्र शेजारीच सप्लायचे २३० व्होल्ट असतात, त्यामुळे हे काम जाणकारानंच करावं. सेल सोल्डर केलेला असेल तर पत्र्या लावलेलाच नवीन आणायचा. सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवणारे महाभाग मी पाहिलेत. तापला तर फुटतो तो. त्याहून जुन्या सिस्टिममध्ये ३.६ व्होल्टची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते, ती गळते आणि बोर्डाच्या तांब्यावर हिरवा चिकटा चढतो. वीज तोडून, बॅटरी काढून, ब्रशनं थोडा व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू करायचं नाही. ट्रॅक खाल्ला गेला असेल तर मात्र कार्डाचा खर्च खरा.

नवीन सेल घालूनही पुसलं जात असेल तर बोर्डावरचा क्लिअरचा छोटा स्विच बघा. रिसेट करताना कुणीतरी तो सरकवतं आणि परत नॉर्मलला आणायचं विसरतं. मग काही सिस्टिम दर वेळी चालू होताना इमानेइतबारे सगळं पुसतात. सेलची तपासणीही मिनिटभर प्लग काढून करू नका. कंडेन्सरच तेवढा वेळ मेमरी धरून ठेवतो आणि मेलेला सेलही पास होतो. मी निदान रात्रभर बंद ठेवायला लावतो.

शेठना दोन कामं सांगितली. सिस्टिमला वेगळी एमसीबी, म्हणजे मेन पाडली तरी ती जिवंत राहील. आणि कुठल्या पोर्टला कुठला नंबर, कुठली लाइन कुठं वाजते, एसटीडी कुणाला, हे सगळं कागदावर. एमसीबीचं “बघू दिवाळीनंतर” झालं. कागदाचं मुनीमजींनी लगेच मनावर घेतलं, रोजमेळाच्या मागच्या पानावर सगळे नंबर उतरवून घेतले आणि शेठच्या घराच्या घंटीपुढे लाल शाईनं लिहिलं, “बंद.”