मे महिन्यातले जुलाब आणि अण्णांची इम्युनोथेरपी

अण्णांच्या छातीतलं पाणी दुसऱ्यांदा काढलं तेव्हा रिपोर्ट आला: 'रिअ‍ॅक्टिव्ह मेसोथेलियल सेल्स. कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.' अमळनेरला घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण पाणी परत भरत होतं आणि टीबीच्या तपासण्यांत काही सापडत नव्हतं. मग धुळ्याला छातीच्या डॉक्टरांना मी विचारलं, या मेसोथेलियल पेशी म्हणजे नेमकं काय?

बाहेर पेशंटांची रांग असूनही त्यांनी नीट सांगितलं. फुफ्फुसाच्या आवरणावर या पेशींचा एकच थर असतो. श्वास घेताना फुफ्फुस घासू नये म्हणून त्या ओलावा राखतात, आणि पहाराही देतात. जंतू शिरला की त्यांना आधी चाहूल लागते. मग त्या इंटरल्युकिन-८ सारखे रासायनिक निरोप सोडून पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. या धावपळीत त्या स्वतःच इतक्या फुगतात की कधी कॅन्सरसारख्या दिसतात, आणि मेसोथेलिओमाच्या, म्हणजे याच आवरणाच्या कॅन्सरच्या, खऱ्या पेशी कधी अगदी साध्या वाटतात. म्हणून नुसत्या पाण्यावर विसंबायचं नाही, आवरणाचा तुकडाच तपासायला हवा.

मग ते अण्णांकडे वळले. "काका, तरुणपणी काय काम करत होतात?"

"कारखान्यात बॉयलरच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळायचो."

तोवर हे कोणीच विचारलं नव्हतं. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू आवरणापर्यंत पोचतात, शरीराला ते पचवता येत नाहीत आणि तिथली सूज वर्षानुवर्षं धुमसत राहते. आजार उघडा पडायला बहुतेकदा २० ते ५० वर्षं जातात.

दुर्बिणीने तुकडा काढला. मेसोथेलियल पेशींची खूण असलेलं कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह आलं, आणि बीएपी-१ हे प्रथिन गायब होतं, म्हणजे पेशी नुसत्या फुगलेल्या नव्हत्या, कॅन्सरच्या होत्या. मेसोथेलिओमा, मिश्र प्रकारचा.

मुंबईच्या डॉक्टरांनी निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं सुचवली. कॅन्सर आपल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ब्रेक लावून बसवतो, ही औषधं तो ब्रेक काढतात. ६०५ रुग्णांवरच्या चेकमेट ७४३ या चाचणीत एपिथेलिऑइड नसलेल्या प्रकारांत (अण्णांचा मिश्र प्रकार त्यातलाच) मध्यक आयुर्मान केमोवर ८.८ महिने होतं, या जोडीवर १८.१. आकडे ऐकून पोटात कालवलं, पण निवड करणं सोपं झालं. निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी, इपिलिमुमॅब दर सहा. खर्चाचं विचारू नका. कंपनीच्या मदत योजनेचे कागद समाजसेवा विभागातल्या ताईंनी बसून भरून घेतले, म्हणून निभावलं.

त्याच विभागातल्या सिस्टरने एक गोष्ट आम्हा दोघांकडून घोकून घेतली होती: ब्रेक निघाला की टी-पेशी आपल्याच आतड्यावर, यकृतावर, थायरॉइडवर उलटू शकतात. जुलाब झाले तर घरचं औषध नाही, आधी फोन.

आणि मे महिन्यात जुलाब लागलेच. खान्देशातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. अण्णा खाटेवरून म्हणाले, "माले काय व्हयनं? ऊन लागनं." आईने कैरीचं पन्हं केलं, शेजारचे काका जुलाब बंद करायची गोळी घेऊन आले. मी गोळी बाजूला ठेवली आणि मुंबईला फोन लावला. दिवसातून किती वेळा, रक्त पडतं का, पोटात दुखतं का, ताप आहे का, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी लगेच भरती करायला सांगितलं. शौचाच्या तपासणीत जंतू निघाला नाही. आतड्याला सूज होती, औषधामुळे आलेली.

स्टेरॉइड सुरू केल्यावर जुलाब हळूहळू आटोक्यात आले. स्टेरॉइडची गोळी मात्र बरं वाटलं म्हणून एकदम सोडायची नसते. महिनाभराहून जास्त काळ पायरीपायरीने उतरवायची, नाहीतर सूज उलटते. तो तक्ता आईने देवघराशेजारी चिकटवला आणि रोज खूण केली.

इपिलिमुमॅब आता कायमचं बंद आहे. निव्होलुमॅबचं पुढच्या स्कॅननंतर ठरेल. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात, फोनच्या मागे एक कार्ड असतं, मराठीत: 'हा रुग्ण इम्युनोथेरपीवर आहे. जुलाब, धाप, कावीळ, फार थकवा असेल तर उपचाराआधी या नंबरवर बोला.' गावातल्या डॉक्टरांनी त्याचा फोटो काढून ठेवलाय.